पडवीतला ड्रायर आणि ओलसर चादरी: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

यंदा पाऊस मे संपायच्या आतच येऊन ठेपला आणि ड्रायरची तक्रारही त्याच्या पाठोपाठ आली. दीड तास फिरवूनही टॉवेल ओलसर, उशांचे अभ्रे गरम पण दमट, आणि चादरीच्या मधोमध हात लावला की सरळ पाणीच लागते. मागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरतात. पावसाळ्यात दापोलीच्या किनाऱ्याला येणारा माणूस समुद्र बघायला येतो, कुबट वासाची चादर पांघरायला नाही.

यंत्र साधे आहे. बाहेरची हवा आत ओढायची, हीटरवरून न्यायची, कपड्यांतून फिरवायची आणि वाफेसकट मागच्या नळीने बाहेर फेकायची. क्षमता साडेपाच किलो, हीटर २००० वॅटचा, वर मिनिटांचा टायमर. गेल्या वर्षी हेच यंत्र ठीक चालत होते. तेव्हा आणि आता यांत फरक इतकाच की मागची उघडी पडवी उन्हाळ्यात सरकत्या खिडक्या लावून बंदिस्त करून घेतली, ड्रायर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला गेला आणि त्याची नळी भिंतीत बसवलेल्या चार इंची पाइपाला जोडली गेली.

फोनवर दोन दुरुस्तीवाल्यांशी बोलले. दोघेही यंत्र न बघताच म्हणाले, "मॅडम, कॉइल गेली असणार." कॉइल गेली असती तर कपडे गार निघाले असते, ते गरम निघतात. म्हणून आधी मोजमाप, मग दुरुस्ती.

मोजायला बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घेतला. ठरलेला गठ्ठा एकच: चार टॉवेल, दोन एकेरी चादरी, चार अभ्रे. एप्रिलच्या उन्हात वाळवून इस्त्री केलेल्या या गठ्ठ्याचे वजन ३.१ किलो. आज धुऊन, मशीनमध्ये पिळून झाल्यावर ५.४ किलो. ड्रायरमध्ये ९० मिनिटांनंतर ४.५ किलो.

म्हणजे कपड्यांत पाणी होते २.३ किलो आणि गेले फक्त ०.९. "ओलसर राहतात" म्हणण्यापेक्षा हा आकडा बरा, कारण यापुढे काहीही बदलले की लगेच कळेल.

१५ जून

कागदावरचा हिशेब. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट वीज लागते. २००० वॅटचा हीटर दीड तास चालला तर ३ युनिट. त्यात आदर्श हिशेबाने साडेचार किलो पाणी जायला हवे. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी आमचे सव्वादोन किलो त्यात बसायला हवे. आमच्याकडे एक किलोही जात नाही.

तेव्हा प्रश्न दोनच. उष्णता खरोखर ३ युनिट मिळते का? आणि झालेली वाफ बाहेर जाते का?

जाता जाता एक सोपे काम: धुण्याच्या मशीनवर जास्तीचे एक पिळणे लावले. ५.४ ऐवजी ५.२ किलो. पिळून काढलेल्या पाण्याला वीज जवळजवळ लागत नाही, वाफ करून घालवलेल्याला लागते, म्हणून हे आता कायमचे. यापुढची सगळी मोजणी ५.२ पासून.

१८ जून

दारातली जाळी. ती दर खेपेला आम्ही झाडतोच, त्यामुळे दिसायला स्वच्छ असते. उजेडासमोर धरली तर आरपारही दिसते. तरी मोरीत नेऊन तिच्यावर तांब्याने पाणी ओतले. पाणी खाली गळायला हवे होते. ते जाळीवर तसेच उभे राहिले, कडेपर्यंत भरले आणि वरून सांडले.

कपडे मऊ राहावेत म्हणून धुताना शेवटी जे सुगंधी पातळ औषध घालतात त्याचा मेणचट थर जाळीच्या छिद्रांवर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला किंचित बुळबुळीत लागतो. भांडी घासायच्या द्रवाने आणि जुन्या दातांच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासली. पाणी धो धो खाली गेले. ते सुगंधी औषध टॉवेलांना तरी यापुढे बंद. त्याने टॉवेल पाणीही कमी टिपतात, हे सासूबाई बरेच दिवस सांगत होत्या.

९० मिनिटांनंतर ४.१ किलो. फरक पडला, पण काम झाले नाही.

२१ जून

आज पावसाने सकाळी थोडी उघडीप दिली, म्हणून नळीचा मार्ग बाहेरून बघितला.

हवा किती निघते हे मोजायची युक्ती: कचऱ्याची मोठी काळी पिशवी, वर १०० लिटर छापलेली, चपटी करून पाइपाच्या तोंडाला धरायची आणि ती टच्च फुगायला किती सेकंद लागतात ते बघायचे. चांगल्या वाहत्या नळीवर तीन-चार सेकंदांत फुगावी असा माझा अंदाज. आमची अकरा सेकंदांनी फुगली, तीही आळसाने.

पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला किडे येऊ नयेत म्हणून गवंड्याने मच्छरदाणीची बारीक जाळी बांधून दिली होती. हेतू चांगला. पण ड्रायरच्या जाळीतून सुटणारा बारीक कापूस या जाळीवर येऊन थापला गेला होता आणि वरून समुद्राची खारट ओल लागून त्याचे राखाडी बूच तयार झाले होते, बोटाने दाबले तर नमदा असतो तसे घट्ट. त्याच्या आड, पाइपाच्या कडेला, कुंभारीण माशीने मातीची दोन घरेही बांधून ठेवलेली. जाळी कापून टाकली, घरे खरवडली. पिशवी सहा सेकंदांवर आली.

मग आतली नळी. ती सुरळीसारखी लांबणारी, चांदी रंगाची. भिंतीतला पाइप उंच आणि ड्रायरचे तोंड खाली, त्यामुळे नळी जास्तीची सोडून मागे कोपऱ्यात झोळीसारखी लोंबत होती. उचलली तर जड लागली. एक टोक सोडून बादलीत ओतले तर अर्ध्या तांब्याहून जास्त गढूळ पाणी निघाले. आतून निघालेली वाफ गार नळीत थिजते आणि झोळात साठते. मग उरलेल्या वाफेला त्या पाण्यावरून कशीबशी वाट काढत जावे लागते. म्हणजे आम्ही वीज जाळून पाण्याची वाफ करत होतो आणि ती दोन हात लांब नेऊन परत पाणी करून ठेवत होतो.

नळी कापून दीड हातावर आणली, ताणून सरळ केली, आणि कुठेही झोळ राहणार नाही अशी बसवली. भिंतीबाहेर आता जाळी नाही, हवेने उघडणारी आणि एरवी मिटणारी हलकी प्लास्टिकची झडप आहे. पिशवी साडेतीन सेकंद.

९० मिनिटांनंतर ३.६ किलो. दीड किलोहून जास्त पाणी गेले. खूश आहे, पण टॉवेल अजून ओले आहेत.

२२ जून

दुपारी ड्रायर चालू असताना सासूबाई पडवीत आल्या आणि दारातच थांबल्या. "अगो, खोलीत वाफ कोंडल्ये सगळी. दार-खिडकी उघड आधी." मी म्हटले, "आई, नळी बाहेर सोडलीय, वाफ बाहेरच जातेय." तर म्हणाल्या, "बाहेर गेली तर आत येणार कुठून काय?"

मुद्दा बिनतोड होता. यंत्र जेवढी हवा बाहेर फेकते तेवढी त्याला खोलीतून मिळायला हवी. सगळ्या खिडक्या लावलेल्या असल्या तर ब्लोअर, म्हणजे यंत्रातला पंखा, बंद खोलीवर ओढ घेत बसतो आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून मिळेल तेवढ्यावर चालतो. तपासून पाहिले: खिडक्या बंद असताना पिशवी पाच सेकंद, एक खिडकी वीतभर उघडली की साडेतीन. पाऊस येतो त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी आता उघडी ठेवायची.

पूर्वी लेकरांची दुपटी पावसाळ्यात कशी वाळवत तेही त्यांनी सांगितले. शेगडीत मंद निखारे, त्यावर पालथी घातलेली बांबूची टोपली, टोपलीवर दुपटी, आणि निखाऱ्यावर ओव्याची चिमूट. टोपली मुद्दाम विरळ विणीची घ्यायची, म्हणजे खालून ऊब लागते आणि वाफ कडेने सुटते. यात हीटर आहे, जाळी आहे, हवेची वाट आहे. मोटर तेवढी नाही.

ज्यांच्या ड्रायरला नळीच नाही आणि तो बंद खोलीत चालतो त्यांच्यासाठी हा हिशेब लिहून ठेवते. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. आषाढात आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातले साडेचोवीस ग्रॅम आधीच भरलेले. आमची पडवी दहा बाय आठ, उंची नऊ फूट, म्हणजे २० घनमीटर. जागा शिल्लक किती? ५० ग्रॅमच्या आसपास. आणि कपड्यांत पाणी दोन किलो. खोली तापली की थोडे जास्त मावेल, बाकीचे भिंतींवर आणि खिडकीच्या काचांवर उतरेल. तीच ओली हवा ड्रायर परत आत ओढेल.

मग बाहेरची दमट हवा घेऊन कपडे वाळतात कसे? गरम केल्यामुळे. तीच ९० टक्क्यांची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १७-१८ टक्क्यांवर येते. बाष्प तितकेच, पण आता तिला पाण्याची भूक लागलेली असते.

खिडकी उघडी ठेवून: ३.४५ किलो.

२९ जून

दोन्ही खोल्या भरलेल्या. मोजणी बंद. पाहुण्यांच्या चादरी ड्रायरमधून काढून रात्री पंख्याखाली वलणीवर.

३ जुलै

आता उष्णतेकडे. हे काम मुद्दाम मागे ठेवले होते. हवा तुंबलेली असताना ड्रायरच्या आत टक्-टक् असा आवाज यायचा. हवा पुढे जात नाही म्हणून आत तापमान वाढायचे आणि थर्मोस्टॅट हीटर बंद करायचा. वीज मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघितला की हे कळते: मिनिटभर भराभर लुकलुकणार, मग दोन मिनिटे संथ. तेव्हा उष्णता मोजून उपयोग नव्हता. नळी मोकळी झाल्यापासून टक्-टक् थांबली आहे, लाल दिवा एका चालीने लुकलुकतो, म्हणजे हीटर अखंड चालू. तरी बाहेरच्या झडपेपाशी हवा जेमतेम कोमट. स्वयंपाकघरातला टोचायचा थर्मामीटर धरला तर अर्ध्या तासानंतरही ४१ अंशांच्या वर जाईना.

हीटर पूर्ण वेळ चालू आहे आणि तरी ऊब कमी आहे, मग त्याला वीज कमी पडते आहे. पडवीतल्या बोर्डावर दोन पॉइंट शेजारी शेजारी आहेत ते बरे. एकात ड्रायर, दुसऱ्यात मल्टीमीटर.

ड्रायर बंद: २१६ व्होल्ट.
ड्रायर चालू: १९६ व्होल्ट.
ड्रायर चालू असतानाच पुढच्या ओटीवर, मीटरशेजारच्या बोर्डावर: २१२ व्होल्ट.

म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेत ४ व्होल्टच पडतात, आणि १६ व्होल्ट आमच्याच घरात, ओटीपासून पडवीपर्यंतच्या ३० मीटरांत, गळतात.

१९६ म्हणजे काही फार कमी नाही असे वाटते, पण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. २३० ला २००० वॅट, तर १९६ ला साडेचौदाशे. चौथा हिस्सा गेला. संध्याकाळी सातनंतर गावात सगळीकडे दिवे, पंखे, पंप लागले की ओटीवरच १९५ च्या आसपास असते. तेव्हा पडवीत १८० ही मिळत नाही आणि हीटर बाराशे वॅटच्या आसपास येऊन ठेपतो. टायमरला याचा पत्ता नसतो. त्याची छोटी मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते, व्होल्टवर नाही. घंटा बरोबर नव्वद मिनिटांनीच वाजते.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. १६ व्होल्ट आणि साडेसात अँपिअर म्हणजे १२० वॅट उष्णता वायरीत आणि जोडांत कुठेतरी निर्माण होते आहे, बहुतेक भिंतीच्या आत. आणि एमसीबी पडणार नाही, कारण तिला जास्त करंट कळतो. इथे तो उलट कमी आहे. ड्रायर बंद करून ठेवला.

८ जुलै

एकादशी झाल्यावर वायरमन आले. मेन बंद करून पडवीच्या दाराच्या वरचा जंक्शन बॉक्स उघडला. "वहिनी, हे बघा."

घराची जुनी वायर अॅल्युमिनियमची. पडवी बंदिस्त करताना पॉइंट पुढे न्यायचा म्हणून तिला तांब्याची नवी वायर नुसती पिळून जोडलेली आणि वर काळी टेप. टेप सोडवली तर ती चिकट राहिली नव्हती, पापुद्र्यासारखी तुटून आली. आत अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तांब्यावर हिरवट थर, आणि न्यूट्रलच्या जोडाशेजारचे प्लास्टिक तपकिरी होऊन आकसलेले. वायरमननी नखाने टोचले तर जोड हातात आला.

तांबे आणि अॅल्युमिनियम असे थेट जोडले आणि खारी ओल लागली की अॅल्युमिनियम गंजून खाल्ले जाते. शिवाय त्याच्यावर धरणारा पांढरा थर वीज वाहत नाही, आणि तापून-गार होऊन पीळ सैल पडतो. किनाऱ्यावरच्या घरांत हे लवकर होते. "गिझरच्या पॉइंटला पण असंच असणार," ते म्हणाले. होते.

ओटीवरच्या बोर्डापासून पडवीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मध्ये एकही जोड नाही, नवी एमसीबी, नवा सोळा अँपिअरचा पॉइंट, अर्थिंगसकट. वायर आणि मजुरी मिळून नव्या ड्रायरच्या किमतीपुढे किरकोळ. हे काम ज्यांना स्वतः करायची खुमखुमी असेल त्यांनी मोजण्यापर्यंत थांबावे. जोड उघडायला वायरमनच बोलवावा.

१० जुलै

ड्रायर चालू असताना पडवीत २१० व्होल्ट. झडपेपाशी हवा अर्ध्या तासात ५० अंशांच्या पुढे.

५.२ किलो आत, ९० मिनिटांनी ३.१ बाहेर. वीज पावणेतीन युनिट. कॉइल जुनीच.

१७ जुलै

शेजारच्या वहिनी म्हणतात, संध्याकाळी व्होल्टेज कमी असते तर स्टॅबिलायझर घ्या. घेणार नाही. २००० वॅटच्या हीटरला पुरेल असा मोठा स्टॅबिलायझर महाग, जागा खाणारा, आणि दुपारी व्होल्टेज पुरेसे असताना कशाला हवा? सकाळी दहा ते चार ड्रायर, संध्याकाळी नाही. गिझर आणि ड्रायर एका वेळी नाहीत.

२४ जुलै, दीप अमावस्या

समया-निरांजने घासून झाली, म्हणून दुपारी उरलेले एक कोडे. डबलबेडच्या, कडेला इलॅस्टिक असलेल्या चादरी अजूनही मधे ओल्या निघतात, वजन मात्र जवळजवळ बरोबर! चाळीस मिनिटांनी दार उघडून बघितले तर चादरीने दोन टॉवेल आणि सगळे अभ्रे पोटात घेऊन बोचके वळले होते. बाहेरचा थर कडकडीत, आतला गाभा चिंब. ड्रम एकाच दिशेला फिरतो, त्यामुळे बोचके सुटायचे सोडून घट्टच होते.

उपाय यंत्रात नाही, भरण्यात आहे. इलॅस्टिकच्या चादरी एकट्या, एका वेळी दोनच, आणि अर्ध्या वेळात एकदा उघडून झटकायच्या. टॉवेल वेगळे. साडेपाच किलो ही क्षमता कोरड्या कपड्यांची. ड्रम निम्म्यापेक्षा थोडा जास्त भरला की थांबायचे, कपड्यांना वरून खाली पडायला जागा हवी. सोलापुरी चादरी घालायच्याच नाहीत. त्यांची वीण इतकी जाड आणि भरीव की दोन चादरींना अख्खा दिवस लागेल. पावसाळ्यात पाहुण्यांना पातळ सुती दुलया, आणि सोलापुरी चादरी ऑक्टोबरच्या उन्हानंतर.

२ ऑगस्ट

नवी तक्रार: संध्याकाळी खडखडीत वाळलेल्या चादरी सकाळी कपाटातून काढल्या तर पुन्हा मऊ, दमट. ड्रायर बिघडला नाही हे वजनाने कळते. ड्रायरमधून निघताना ३.१, रात्रभर पडवीतल्या फळीवर उघडे ठेवल्यावर ३.३ च्या जवळ.

सूत हवेतला ओलावा ओढून घेतेच. ६५ टक्के आर्द्रतेला सुती कापडात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असते, आणि ते आपल्याला कोरडेच लागते. नव्वदीच्या पुढे हे बरेच वाढते. बरणीबाहेर राहिलेल्या तळलेल्या पापडाचे जे होते तेच. जास्त वेळ ड्रायर फिरवून यावर उपाय नाही. उलट जास्तीच्या उष्णतेने सूत झिजते आणि जाळीत कापूस वाढतो.

गरम कपड्यांच्या आत थोडी वाफ असते, ती आधी जाऊ द्यायची: काढल्यावर पाच मिनिटे पसरून, मग लगेच घड्या, आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत. सासूबाईंची माहेरची ट्रंक माळ्यावर रिकामीच होती. पाहुणे आले की चादर थेट ट्रंकेतून पलंगावर.

२३ ऑगस्ट

गणपतीला मुंबईची मंडळी येणार, म्हणून तीन दिवस ड्रायर दुपारभर चालू. आजच्या खेपेत गठ्ठा तोलला: ३.१.

ड्रम फिरताना मागून घासल्यासारखा बारीक आवाज येतो. ड्रमच्या मागच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली असावी, कारण मागच्या पत्र्यावर कापूस जमू लागला आहे. तिथून गरम हवा कपड्यांत न जाता थोडी निसटते. सध्या वजनात दिसत नाही. पट्टी मागवली आहे, ड्रम बाहेर काढावा लागेल, म्हणून ते विसर्जनानंतर. त्याच वेळी आतला कापूस व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, फिरता पट्टा बघायचा, आणि भिंतीतल्या पाइपात कुंभारीण परत आली का तेही.